हवेला वजन असतं हे मुलीला पटेना

प्रश्न: मुलगी सातवीत आहे. ‘जागा व्यापतं आणि वस्तुमान असतं ते द्रव्य’ हे पाठ आहे, पण हवेला वजन असतं हे तिला पटतच नाही. कसं समजावू?

उत्तर: पटत नाही असं सरळ म्हणतेय ना, मग मला तर आनंदच आहे, नुसतं पाठ करण्यापेक्षा हे कधीही बरं. बिनसुईची सिरिंज घ्या, दांडा अर्धा ओढा, टोक बोटाने घट्ट बंद करून तिला दाबायला सांगा, दांडा थोडा आत जातो आणि सोडला की परत मागे येतो, म्हणजे आत कोणीतरी जागा अडवून बसलंय. मग पाणी भरा, बुडबुडा राहू देऊ नका, आता दांडा जवळपास हलतच नाही कारण पाण्याचे कण आधीच जवळजवळ असतात आणि हवेचे लांब लांब, हा फरक तिच्या अंगठ्यालाच कळेल.

वजनासाठी फुटबॉल जेमतेम गोल होईल इतका भरून डिजिटल काट्यावर ठेवा, नंतर टणक फुगवून परत ठेवा, काही ग्रॅम वाढलेले दिसतील. एक लिटर हवा साधारण १.२ ग्रॅम भरते. फुगा मात्र नको, त्याच्या आकाराइतकी बाहेरची हवा त्याला वर ढकलते, त्यामुळे फरक अगदीच किरकोळ दिसतो.