फेलोशिपमधून विम्याचा हप्ता?

फोंड्याहून एका वडिलांचे पत्र आले आहे. मुलीने गोवा विद्यापीठातून भौतिकशास्त्रात एमएस्सी केले, सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ (संशोधनासाठीची कनिष्ठ फेलोशिप) मिळवली आणि आयआयटी बॉम्बेत मटेरियल्स सायन्सच्या पीएचडीला तिची निवड झाली. वेर्ण्याच्या एका कंपनीत वर्षाला ६ लाखांची नोकरीही हातात आहे. कोणते घ्यावे, असे ते विचारतात. शेवटी लिहितात: “फेलोशिप येणारच, म्हणून मेव्हण्यांकडून तिच्या नावे पॉलिसी घेतली. १० वर्षे दरवर्षी १ लाख २० हजार भरायचे, २० वर्षांनी खात्रीचे २४ लाख. कागद गेल्या आठवड्यात आले.”

विचारलेल्याचे उत्तर आधी देतो. जेआरएफचे पहिली दोन वर्षे महिना ३७ हजार, मग कामाचे मूल्यमापन होऊन एसआरएफ (वरिष्ठ फेलोशिप) मिळाली की ४२ हजार. पाच वर्षांचे झाले २४ लाख. वसतिगृहात राहिली तर घरभाडे भत्ता नाही. नोकरीत दरवर्षी १० टक्के वाढ धरली तर साडेछत्तीस लाख. म्हणजे साधारण १२ लाख सोडावे लागतील. तिला संशोधनाची मनापासून ओढ असेल तर जरूर सोडा. पीएचडी झाली की परदेशात मोठे पॅकेज, ही आशा मात्र हिशेबात धरू नका. अनेकांच्या वाट्याला आधी पोस्टडॉकच, म्हणजे पीएचडीनंतरचे तात्पुरते संशोधनाचे काम, येते. गाईड कोण, विषय बॅटरीचा की मिश्रधातूंचा, त्याच गाईडकडे आधीच्यांना किती वर्षे लागली, हे तिने तिथल्या विद्यार्थ्यांना विचारावे.

आता पॉलिसी. १२ लाख भरून २४ लाख म्हणजे दुप्पट, असे तुम्हाला सांगितले गेले. वीस वर्षांचा हिशेब मांडला की परतावा येतो जेमतेम साडेचार टक्के. तेच हप्ते पीपीएफमध्ये टाकले तर ७.१ टक्क्यांनी सुमारे ३५ लाख होतात. नोकरीच्या १२ लाखांसाठी तुमची झोप उडाली आहे आणि इथे ११ लाख सहीसरशी गेले.

त्याहून वाईट म्हणजे, हप्ता महिना १० हजार पडतो, ३७ हजारांतून. फेलोशिप पाच वर्षांची, हप्ते दहा वर्षांचे. प्रबंध लांबला तर सहाव्या वर्षी फेलोशिप नाही आणि हप्ता उभाच. शिवाय तिच्या कमाईवर आज कोणीही अवलंबून नाही, मग तिला आयुर्विमा कशासाठी? नात्यातल्या माणसाने विकली म्हणून ती योग्य ठरत नाही. विद्यार्थिनीच्या गळ्यात असा हप्ता बांधणे मला अजिबात मान्य नाही.

सुदैवाने वेळ गेलेली नाही. कागद हाती आल्यापासून ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचा खर्च कापून बाकी पैसे मिळतात. पॉलिसी तिच्या नावावर आहे, तेव्हा अर्जावर सही तिचीच हवी. तो मेव्हण्यांच्या हाती देऊ नका. थेट कंपनीच्या शाखेत द्या आणि तारखेची पोच घ्या. मेव्हणे रागावतील, रागावू द्या.

परत आलेल्या पैशांतून तिचा स्वतःचा आरोग्यविमा काढा. उरलेले तिच्या बचत खात्यात ठेवा. फेलोशिपचे पैसे सुरुवातीला अनेकदा काही महिने उशिरा येतात, आणि पवईतली मेस तोवर थांबत नाही.