दिल्लीचा होकार दारापर्यंतच

सप्रेम नमस्कार.

परराष्ट्रमंत्र्यांच्या दौऱ्याच्या चित्रणासाठी परवानगी मागणारा तुझा मसुदा वाचला. तो अजून मंत्रालयात गेलेला नाही, हे उत्तम. ‘संपूर्ण दौरा जवळून टिपायचा आहे’ या वाक्याला कोणीही अधिकारी हो म्हणू शकत नाही, कारण संपूर्ण दौरा कोणा एकाच्या हातात नसतोच. मंत्र्यांचा वेळ त्यांच्या कार्यालयाच्या ताब्यात, हॉटेलचा मजला सुरक्षा पथकाच्या, बैठकीची खोली यजमान देशाच्या. परवानगी मिळते ती सुट्या क्षणांची: कोणता क्षण, किती मिनिटं, किती माणसं, आवाजासकट की नुसती दृश्यं. म्हणून असे सात-आठ क्षण ठरव आणि तेवढेच माग. त्यातले चार मिळाले तरी बावन्न मिनिटांचा कार्यक्रम उभा राहतो.

पत्र जायला हवं मंत्रालयाच्या बाह्य प्रसिद्धी विभागाकडे. प्रवक्ता हाच त्या विभागाचा प्रमुख असतो. पण खरी अडचण बहुधा तिथे येत नाही. त्या देशाचं काम पाहणारा प्रादेशिक विभाग दौऱ्याचा कार्यक्रम आखतो, आणि कॅमेऱ्यामुळे यजमान अवघडतील ही धास्ती त्यालाच सगळ्यात जास्त असते. प्रवक्त्याच्या कार्यालयाने अनुकूलता दाखवली की लगेच प्रादेशिक विभागात भेट माग आणि तिथल्या दूतावासातल्या माध्यम अधिकाऱ्यालाही कळव. तिघांकडे एकच यादी असली पाहिजे. तीन ठिकाणी तीन वेगळ्या मागण्या गेल्या की तिघंही एकमेकांना विचारत बसतात आणि तोवर विमान सुटतं.

दौऱ्याची अधिकृत घोषणा अनेकदा निघण्याच्या एक-दोन दिवस आधी होते. तेवढ्यात व्हिसाही होत नाही. यावर उपाय म्हणजे तारीख महिनोन्‌महिने आधी ठाऊक असलेला प्रसंग निवडणं: संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचा सप्टेंबरमधला उच्चस्तरीय आठवडा, जी-२०, ब्रिक्स, शांघाय सहकार्य संघटना. पहिल्याच प्रयत्नासाठी मी न्यूयॉर्क सुचवेन. तिथे एका आठवड्यात मंत्र्यांच्या ढीगभर द्विपक्षीय भेटी होतात आणि त्यातल्या काही भारताच्या स्थायी मिशनच्या (संयुक्त राष्ट्रांसाठीच्या आपल्या दूतावासासारख्या कार्यालयाच्या) इमारतीत ठेवता येतात. (इमारत वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी रचलेली आहे, बाहेरचा एक शॉट घेच.) त्या दाराआड यजमान आपणच असतो, म्हणून दिल्लीहून मिळालेली परवानगी आतही चालते. बाकी जगात ती दाराशी संपते.

न्यूयॉर्कसाठी दोन गोष्टी लगेच सुरू कर. अमेरिकेचा पत्रकारांसाठीचा ‘आय’ व्हिसा लागतो. पर्यटक किंवा व्यवसाय व्हिसावर कॅमेरा घेऊन गेलं तर विमानतळावरूनच परत पाठवू शकतात. दुसरं, संयुक्त राष्ट्रांच्या माध्यम विभागाची अधिस्वीकृती. त्यासाठी प्रसारमाध्यमाच्या लेटरहेडवर संपादकाच्या सहीचं नेमणूकपत्र लागतं. तू निर्मिती संस्थेत आहेस, तेव्हा वाहिनीचं पत्र आधी हातात घे. नुसत्या निर्मिती संस्थेच्या कागदावर भागेल असं गृहीत धरू नकोस. त्या आठवड्यात गळ्यात पास असला तरी कित्येक जागी आणखी वेगळा पास आणि सोबत माध्यम अधिकारी लागतो.

आता द्विपक्षीय बैठकीबद्दल, कारण तुझ्या मसुद्यात सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. क्रम असा: झेंड्यांपुढे हस्तांदोलन, मंडळी टेबलाशी बसतात, कधी दोन्ही बाजूंचे सुरुवातीचे चार शब्द, आणि मग कॅमेरे बाहेर. अमेरिकन मंडळी याला ‘स्प्रे’ म्हणतात. सुरुवातीचे शब्द नसतील तर सगळा खेळ एक-दोन मिनिटांचा. खोलीत प्रत्येक बाजूचे मोजकेच कॅमेरे सोडतात आणि आपल्या बाजूची जागा बहुतेक दूरदर्शन किंवा वृत्तसंस्थेला जाते. ती जागा तुला मिळाली तर तू ‘पूल’ झालास: चित्रण बाकीच्यांना तत्काळ द्यायचं, म्हणजे खास असं काही तुझ्याकडे उरत नाही. माझं मत विचारशील तर ती जागा मागूच नकोस. आतली दृश्यं पूलकडून घे, हक्कांचा कागद आधीच कर, आणि तुझा कॅमेरा बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये ठेव. आत जाण्यापूर्वी उभ्याउभ्या दिली जाणारी माहिती, बाहेर आल्यावर सहसचिवाकडे टाकलेला कटाक्ष, लिफ्टची वाट पाहतानाची कुजबूज, हे वृत्तसंस्थेचा कॅमेरा घेत नाही, आणि तुझा कार्यक्रम याच्यावरच उभा राहणार आहे.

आत जायचंच असेल तर ट्रायपॉड नको, एका पायाचा मोनोपॉड. हस्तांदोलनासाठी २४-७० मिमीची लेन्स. लांबची लेन्स दुसऱ्या कॅमेऱ्यावर तयार ठेव, कारण लेन्स बदलण्याइतका वेळ मिळत नाही. बूम (लांब दांडीवरचा माइक) बहुधा आत नेऊ देत नाहीत, म्हणून कॅमेऱ्यावर चांगला शॉटगन माइक, म्हणजे समोरचाच आवाज टिपणारा. फ्रेमची खालची कड टेबलाच्या वर ठेव. टेबलावर पडलेलं टिपणाचं पान फोर-के चित्रणात सहज वाचता येतं, आणि असं एक पान प्रक्षेपित झालं की या मंत्रालयाची दारं फक्त तुला नाही, तुझ्यामागून येणाऱ्यांनाही बंद. संयुक्त निवेदनाच्या ठिकाणी आवाज भिंतीजवळच्या प्रेस-बॉक्समधून, म्हणजे मंचावरचा आवाज सगळ्या कॅमेऱ्यांना वाटून देणाऱ्या पेटीतून, घ्यायचा. तिथून लाइन लेव्हल (जोरकस सिग्नल) येते की माइक लेव्हल (क्षीण सिग्नल), हे आधी तपास. लाइनचा आवाज माइकच्या सेटिंगवर घेतला तर तो फाटतो आणि नंतर दुरुस्त होत नाही. दुभाष्याचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर घे.

वायरलेस माइकवर भिस्त ठेवू नकोस. अतिमहत्त्वाच्या व्यक्तींच्या ताफ्यात जॅमर असू शकतात आणि कित्येक देशांत रेडिओ माइकच्या फ्रिक्वेन्सीला वेगळा परवाना लागतो. अंगावरच रेकॉर्डिंग करणारं छोटं यंत्र घे. तेही मंत्र्यांना लावायचं फक्त ठरवून दिलेल्या मुलाखतीत. दिवसभर लावून ठेवायची परवानगी मागितलीस तर उरलेल्या यादीकडेही संशयाने पाहतील.

माणसं तीनच: तू, कॅमेरा, ध्वनी. नावं, पासपोर्ट क्रमांक आणि प्रत्येक वस्तूचा सिरियल क्रमांक अशी यादी किमान दोन आठवडे आधी दूतावासाकडे गेलेली बरी. कार्यक्रमस्थळी सामानाची कुत्र्यांकडून तपासणी होते; एक-दीड तास आधी पोचायचं, आणि तपासलेलं सामान बाहेर नेलं की तपासणी पुन्हा पहिल्यापासून. ताफा कोणासाठी थांबत नाही. शेवटचा प्रश्न सुरू असतानाच ध्वनीवाल्याने गाडीकडे निघायचं.

सामानासाठी कार्नेट काढ, म्हणजे सामान तात्पुरतं परदेशी नेऊन शुल्क न भरता परत आणण्याचा सीमाशुल्क कागद. भारतात ते फिक्की ही उद्योगांची संघटना देते. कोणता देश ते स्वीकारतो हे आधी पाहा, सगळे स्वीकारत नाहीत. निघताना, उतरताना, परतताना प्रत्येक सीमाशुल्क खिडकीवर शिक्का घ्यायचाच. घाईत एक शिक्का राहिला की माल त्या देशात विकला असं धरून शुल्काची मागणी येते. लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानातच: १०० वॉट-तासांपर्यंतच्या सहसा अडत नाहीत, १०० ते १६० मधल्या सुट्या बॅटऱ्या विमान कंपनीच्या संमतीने माणशी दोन, त्यावरच्या प्रवाशाला नेता येत नाहीत. टोकांना टेप लाव.

विमानातली जागा हा वेगळा विषय. अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांच्या विमानात मागच्या भागात पत्रकार बसतात आणि भाडं त्यांच्या संस्था भरतात. १९७० च्या दशकात तेव्हाचे परराष्ट्रमंत्री किसिंजर अशाच विमानातून ‘वरिष्ठ अधिकारी’ या बुरख्याआडून बोलत, आणि तो अधिकारी कोण हे साऱ्यांना ठाऊक असे. २०१७ मध्ये तेव्हाचे परराष्ट्रमंत्री टिलरसन पत्रकारांचा नेहमीचा चमू मागे ठेवून एकाच पत्रकाराला घेऊन आशियात गेले, तेव्हा टीकेचा रोख मंत्र्यांबरोबर त्या खास प्रवेशावरही होता. आपल्याकडे पंतप्रधानांच्या विमानातून पत्रकारांचा मोठा चमू नेण्याची पद्धत होती; प्रवास फुकट, हॉटेल आपापलं. २०१४ नंतर ती बंद झाली. आपले परराष्ट्रमंत्री अनेकदा नेहमीच्या प्रवासी विमानानेच जातात. अशा वेळी तिकीट तू स्वतः काढ आणि केबिनमध्ये चित्रण करायचं असेल तर विमान कंपनीचीही संमती घे. सरकारी खर्चाने काहीही घेऊ नकोस, जेवणसुद्धा.

अटी लेखी हव्यात. सुरक्षा आणि गोपनीयतेपुरतं चित्रण आधी दाखवायला माझी हरकत नाही; उलट ते तूच सुचव, म्हणजे अटींची भाषा तुझी राहील. ‘कच्चं संकलन मंत्रालयाला दाखवलं जाईल, सात दिवसांत सुरक्षेशी संबंधित हरकती कारणासह लेखी याव्यात, अंतिम संकलनाचा अधिकार वाहिनीचा.’ एवढी तीन कलमं पुरतात. ‘मंत्रालयाच्या समाधानानुसार’ असा शब्दप्रयोग आला तर खोडून परत पाठव. त्यावर अडले तर प्रकल्प सोडलेला परवडतो. प्रवासात अधिकारी मोकळं बोलतात. ते नावानिशी, नावाविना की केवळ तुझ्या माहितीसाठी, हे बोलणं सुरू होण्याआधी ठरवायचं. नंतर ठरवायला गेलं की दोघांची आठवण वेगळी निघते. केवळ माहितीसाठी असेल तर माइक बंद करून बाजूला ठेव, त्यांना दिसेल असा.

नवा मसुदा एक पानाचा कर. वर कार्यक्रमाचा विषय दोन ओळींत, वाहिनी आणि प्रक्षेपणाचा अंदाजे महिना. खाली क्षणांची यादी, प्रत्येकापुढे मिनिटं, माणसं आणि आवाज हवा की नको. सकाळच्या तयारीची बैठक यादीत घाल, पण आवाजाशिवाय; तशी ती मिळायची शक्यता बरीच वाढते. सोबत वाहिनीचं पत्र आणि सामानाची यादी जोड. तिघांची नावं पासपोर्टवर आहेत तश्शीच, त्याच स्पेलिंगने लिही. एका अक्षराच्या फरकाने दारावर पास अडतो आणि तेव्हा दूतावासातलं कोणी फोन उचलायला मोकळं नसतं.