होडीमागची रेघ

प्रश्न : पायथन या संगणकभाषेतल्या पायगेम या खेळ-चित्रे रचण्याच्या साधनसंचात मी ३२० × २४० ठिपक्यांच्या खिडकीत लाटा आणि होडी रेखाटतो, पण होडीमागे रेघ उरते आणि चित्र अडखळते. काय करावे?
— एक वाचक, मालवण

उत्तर : बंदरातल्या होडीमागची रेघ समुद्रच पुसतो, पडद्यावर ते काम आपले, म्हणून चित्र नव्याने काढण्याच्या प्रत्येक फेरीत आधी पार्श्वभूमी पुन्हा रंगवावी, मग होडी काढावी आणि शेवटी एकदाच ‘फ्लिप’ करावे, म्हणजे तयार चित्र पडद्यावर दाखवावे. अडखळण्याचे कारण बहुधा वेगळे असावे : ‘सेट_ॲट’ने एकेक ठिपका भरल्यास ती आज्ञा दर फेरीला ७६,८०० वेळा चालते. त्याऐवजी नमपाय या पायथनच्या आकडेमोडीच्या साधनसंचातल्या सारणीत सर्व रंग एकदम ठरवून ‘ब्लिट_ॲरे’ या आज्ञेने खिडकीत उतरवावेत, मात्र सारणीत रुंदी आधी आणि उंची नंतर यायला हवी, अन्यथा आकार जुळत नाही.