आपण कॅथलिक हिंदू की प्रोटेस्टंट हिंदू?

उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टहून एका ताईंनी लिहिलंय, मुलगी साडेपाच वर्षांची, परवा पार्कमध्ये सेल्टिकचा (तिथे कॅथलिकांची मानली जाणारी फुटबॉल टीम) हिरवा-पांढरा शर्ट घातलेला एक मुलगा दिसला तर म्हणाली, "आई त्याच्याशी नाही खेळायचं, ते लोक वाईट असतात", आणि रात्री झोपताना विचारते आपण कॅथलिक हिंदू की प्रोटेस्टंट हिंदू. (हा तिथला जुना जोक आहे, पण पोरगी सिरीयस होती!) शाळा बदलू का?

ताई, तुमच्या लेकीत काही बिघडलेलं नाही, तिथे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अशा दोन बाजू आहेत, त्यांच्यातला दुरावा जुना आहे आणि मुलांमध्ये तो लहानपणीच सुरू होतो. 2002 साली अल्स्टर युनिव्हर्सिटीचा एक अभ्यास आला होता, 3 ते 6 वर्षांच्या मुलांशी बोलून केलेला. 6 वर्षांच्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश स्वतःला कुठल्या तरी एका बाजूचं समजत होती आणि 15 टक्के तर दुसऱ्या बाजूबद्दल वाकडं बोलत होती. ह्या वयात धर्म कुठला कळतोय, पण कुठला झेंडा आपला ते बरोबर कळतं, प्रोटेस्टंटांच्या काही वस्त्यांत फुटपाथच्या कडासुद्धा ब्रिटिश झेंड्याच्या लाल-पांढऱ्या-निळ्या रंगांत रंगवलेल्या असतात ना. त्यात दोघांच्या शाळा वेगळ्या. दोन्हीकडची मुलं एकत्र शिकावीत म्हणून 1981 मध्ये 28 मुलांवर लॅगन कॉलेज ही शाळा सुरू झाली, पण आजही अशा इंटिग्रेटेड शाळांत दहातलं एक मूलही धड जात नाही. जवळ असेल तर जरूर बघा.

पण आधी घरातलं बोलणं ऐका. तिथे नाव, आडनाव, शाळा विचारून माणूस कुठल्या बाजूचा ते ओळखतात, आणि आपल्याकडे आजी व्हिडिओ कॉलवर नातीच्या नव्या मैत्रिणीबद्दल पहिलं काय विचारते? "आडनाव काय गं तिचं?" मी पण काही साधी नाही, माझ्या मुलाला वर्गातल्या एका पाकिस्तानी मुलाच्या बर्थडेचं बोलावणं आलं तेव्हा मी नुसतं "बघू" म्हणाले, बाकीच्यांना लगेच हो म्हणते म्हणून त्याने ते टिपलं, दोन दिवसांनी विचारतो, "आई, तो बॅड आहे का?" मी काहीच बोलले नव्हते हो!

तर "असं बोलू नये" म्हणून विषय बंद करू नका, "तुला कोण म्हणालं गं असं?" एवढंच विचारा आणि ऐकून घ्या, नाव टीचरचं आलं तर शाळेत जाऊन शांतपणे बोला. कॅथलिक-प्रोटेस्टंटचं उत्तर सरळ द्या, आपण दोन्ही नाही. आणि तो हिरव्या शर्टवाला परत दिसला की तिला त्याचं नाव विचारायला पाठवा, फक्त नाव हं, आडनाव नको.