भाडेकरू गेले, आता डीप क्लीनिंग करायचं का?

प्रश्न : आमचा रत्नागिरीत वनबीएचके आहे, आम्ही राहतो डोंबिवलीला. भाडेकरू ऑगस्टअखेर सोडून गेले, फ्लॅट तेव्हापासून बंदच होता, आत्ता सप्टेंबरच्या शेवटी उघडला. बेडरूमच्या भिंतीला काळी बुरशी, बाथरूमच्या टाइल्सवर पांढरे थर, ओट्यामागे तेलाचा चिकटा. दिवाळीला नवीन लोक येतायत. क्लीनिंगवाले बोलवावेत का आणि पैसे डिपॉझिटमधून कापले तर चालेल का? शेजारी म्हणतात अ‍ॅसिड मारा, एका दिवसात चकाचक.

उत्तर : बोलवा, पण सगळ्यात शेवटी. आधी भिंतीचं बघा. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, झड बसणाऱ्या भिंतीतून पाणी आत येत असेल तर कितीही पैसे देऊन पुसून घ्या, बुरशी परत येणारच. त्या भिंतीवर फूटभर प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी टेपने चिकटवा आणि दोन दिवसांनी काढून बघा, कागदाच्या आतल्या बाजूला ओल आली तर पाणी भिंतीतूनच येतंय, नुसते कागदाच्या बाहेरून थेंब दिसले तर खोलीतली दमट हवा आहे. खिडकीही बघाच, स्लायडिंगच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने बारीक भोकं असतात, ती लाल माती आणि मेलेल्या किड्यांनी बुजली की पाणी बाहेर जायच्या ऐवजी भिंतीत उतरतं, आणि ती भोकं मोकळी करायचं काम एका खिळ्याने दहा मिनिटांत होतं हो.

डिपॉझिटबद्दल मी स्पष्टच सांगते. बुरशीचे पैसे भाडेकरूंकडून घेऊ नका. गळती असेल तर ती मालकाची, आणि भर पावसात महिनाभर बंद राहिलेल्या घरात बुरशी आपोआप धरते, ती त्यांच्या वेळची की नंतरची हे आता कोण सांगणार? बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डागही रोजच्या वापरातले. तेलाचा चिकटा मात्र त्यांचा, पण करारात घर स्वच्छ करून परत देण्याचं कलम असेल, ताबा घेतानाचे फोटो असतील, तरच तेवढ्या कामाचं बिल दाखवून कापा. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि रजिस्टर असावाच लागतो आणि ती जबाबदारी मालकाची आहे, तेव्हा नवीन करारात हे कलम आत्ताच घालून घ्या, आणि पुढच्या वेळी किल्ली घेताना दोघांनी मिळून घर बघा.

अ‍ॅसिड अजिबात नको! टाइल्समधलं सिमेंट खातं, नळाचं पॉलिश जातं, ओट्याचा कडाप्पा असेल तर तो चुनखडीचाच दगड, त्याचा तुकतुकीतपणा कायमचा जातो. आणि बुरशीसाठी ब्लीच वापरलं असेल त्याच बाथरूममध्ये कुणी अ‍ॅसिड ओतलं तर क्लोरीन वायू सुटतो, बंद खोलीत काम करणाऱ्या माणसाच्या जिवावर बेतू शकतं. पांढऱ्या थरावर सौम्य सायट्रिक अ‍ॅसिडचं पाणी अर्धा तास ठेवून घासायचं, फक्त कडाप्प्यावर सांडू द्यायचं नाही आणि ब्लीचबरोबर हेही वापरायचं नाही.

म्हणजे आधी गळती, मग भिंत वाळू द्यायची, बुरशी काढायची, रंग, आणि रंगवाले गेले की क्लीनिंगवाले. झुरळांचं जेल त्याच्याही नंतर, नाहीतर तेच पुसून टाकतील. दर ठरवताना माळा, ग्रील, पंखे, खिडक्यांचे ट्रॅक, कपाटं आतून हे सगळं धरलंय का ते मेसेजवर लिहून घ्या, १८ टक्के जीएसटी वेगळा लावणार का तेही. त्या दिवशी लाइट आणि टाकीत पाणी आहे याची सोसायटीत आधी खात्री करा, आणि ओळखीचं कुणीतरी तिथे थांबू दे, डोंबिवलीत बसून व्हिडिओ कॉलवर माळ्यावरची धूळ दिसत नाही. तारीख मात्र आजच बुक करा, दसऱ्यानंतर सगळ्यांचीच घरं साफसफाईला निघतात आणि मग माणसं मिळत नाहीत.