मिररिंग, कास्टिंग आणि आपलं ‘लावणं’

प्रश्न असा आहे: जुन्या लॅपटॉपवरचं चित्र वायर न जोडता टीव्हीवर आणतात, त्याला मराठीत ‘प्रतिबिंबन’ म्हणावं की ‘प्रक्षेपण’? आणि मिररिंग व कास्टिंग ही एकाच गोष्टीची दोन नावं आहेत का? विचारणाऱ्यांना घरच्यांसाठी सूचना लिहून ठेवायच्या आहेत.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यावर ठरतं. ही दोन कामं वेगळी आहेत आणि राबतं कोण, यात त्यांचा फरक आहे. मिररिंगमध्ये सगळा भार लॅपटॉपवर असतो. पडद्यावर दिसणारं सगळं, म्हणजे माउसचा बाण, कोपऱ्यात उगवलेलं नोटिफिकेशन, चुकून उघडी राहिलेली फाइल, तो सेकंदाला कित्येकदा टिपतो, व्हिडिओसारखं आकसवतो आणि वायफायवरून टीव्हीकडे धाडत राहतो. कास्टिंगमध्ये लॅपटॉप नुसता पत्ता सांगतो: अमुक व्हिडिओ अमुक ठिकाणी आहे. तो इंटरनेटवरून आणायचं आणि चालवायचं काम टीव्हीचं, किंवा टीव्हीला खोचलेल्या डोंगलचं, म्हणजे छोट्या जोडयंत्राचं. ओळखायचं असेल तर व्हिडिओ चालू असताना लॅपटॉप स्लीपवर टाका. टीव्हीवरचं चित्र थांबलं तर मिररिंग, पुढे चालू राहिलं तर कास्टिंग.

लॅपटॉप जुना असला की हा फरक चांगलाच जाणवतो. मिराकास्ट हे मिररिंगचं तंत्र वायफाय अलायन्स या कंपन्यांच्या संघटनेने २०१२ साली आणलं आणि विंडोजमध्ये ते २०१३ च्या ८.१ आवृत्तीपासून अंगभूत झालं. पण विंडोज नवी टाकली म्हणून भागत नाही. वायफाय कार्ड आणि ग्राफिक्स, दोघांच्याही ड्रायव्हरची (त्यांना चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) त्याला तयारी लागते. विंडोजचं बटण आणि के एकत्र दाबून पाहा. जवळपासच्या टीव्हींची यादी उघडली तर उत्तम. ‘तुमचं यंत्र मिराकास्टला चालत नाही’ अशा अर्थाचा निरोप आला, तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये कितीही डोकं घातलंत तरी उपयोग नाही. मॅकवर एअरप्ले या अ‍ॅपलच्या तंत्राचं मिररिंग २०१२ च्या माउंटन लायन या आवृत्तीबरोबर आलं, तेही २०११ पासूनच्या यंत्रांपुरतंच. त्याच जुन्या लॅपटॉपवर क्रोम ब्राउझरमधून यूट्यूबचा व्हिडिओ कास्ट करायला मात्र अडचण येत नाही, कारण तिथे त्याला फारसं काही करायचंच नसतं. तेव्हा ‘मिररिंग होत नाही पण कास्टिंग होतं’ हे वाक्य ऐकायला विसंगत वाटलं, तरी चोख आहे.

घोळ कंपन्यांनीच घातलेला आहे. क्रोममधून अख्खी टॅब ‘कास्ट’ करता येते, पण तेव्हा ती टॅब टिपून पाठवायचं काम लॅपटॉपच करतो. नाव कास्ट, काम मिररिंगचं. विंडोज ११ मध्ये विंडोजचं बटण आणि के दाबल्यावर जी खिडकी उघडते तिच्यावरही ‘कास्ट’ लिहिलेलं असतं आणि आत असतं मिराकास्ट. मेनूवरच्या शब्दावर विसंबून पारिभाषिक शब्द घडवायला गेलं, तर आपणही त्याच घोळात पडू.

आता ‘प्रतिबिंबन’. व्याकरणाने शब्द निर्दोष आहे आणि बिंब-प्रतिबिंब ही जोडी आपल्याला परकी नाही. तरी दोन गोष्टी खटकतात. आरशात डावं-उजवं उलटतं, इथे अक्षरं सुलटच दिसतात. आणि प्रतिबिंब बिंबाच्या मागे कधी रेंगाळत नाही. इथे लॅपटॉपवर बाण फिरवा, टीव्हीवरचा बाण किंचित मागाहून निघतो. लॅपटॉप जितका थकलेला, तितका तो मागे. पहिला आक्षेप इंग्रजी शब्दालाही लागू आहे, हे खरं. पण दुसऱ्याची चूक उसनी घ्यायची सक्ती थोडीच आहे!

‘प्रक्षेपण’ मला जास्त जवळचा वाटतो. त्यातला संस्कृत धातू क्षिप् म्हणजे फेकणं आणि इंग्रजी ‘कास्ट’चाही मूळ अर्थ फेकणं. ब्रॉडकास्ट हा शब्द तर शेतातून आला आहे: हाताने बी चौफेर फोकत जाणं. पोथीत मागाहून कुणी घुसडलेल्या ओवीला आपण ‘प्रक्षिप्त’ म्हणतो, तिथेही हाच धातू. अडचण एवढीच की प्रक्षेपण म्हटलं की सामन्याचं थेट प्रक्षेपण आठवतं, नाहीतर उपग्रहाचं. दिवाणखान्यात सोफ्यावरून समोरच्या टीव्हीवर चित्र न्यायला हा शब्द फार अवजड होतो. पारिभाषिक कोशात तो शोभेल. घरच्या सूचनांत मी तो लिहिणार नाही.

बोलताना लोक काय म्हणतात? ‘टीव्हीवर टाक.’ टाकणं म्हणजे फेकणंच, म्हणजे कुणी न शिकवता ‘कास्ट’चं भाषांतर होऊन बसलं आहे. पण ‘टाकणं’ हे क्रियापद फार कामाला जुंपलेलं आहे: फोटो ग्रुपवर टाकतात, रिचार्ज टाकतात, विंडोजही नवी ‘टाकतात’ (वर मीच टाकली आहे). फरक दाखवायचा असेल तर त्याच्याहून नेमकी दोन क्रियापदं आपल्या तोंडी आधीपासून आहेत. गाणं लाव, सिनेमा लाव, बातम्या लाव: जिथे लावतो, तिथेच ते वाजतं. म्हणून कास्टिंगला ‘व्हिडिओ टीव्हीवर लावणं’, आणि मिररिंगला ‘लॅपटॉपचा पडदा टीव्हीवर दाखवणं’. लावतो ती वस्तू, दाखवतो तो पडदा. ‘पडदा टीव्हीवर लावा’ म्हटलं तर ऐकणारा कापड आणि कड्या शोधायला जाईल.

सूचनांत ‘विंडोज आणि पी’ ही बटणांची जोडीही येणारच (दुसऱ्या पडद्यावर काय दिसावं, ते तिने निवडता येतं), म्हणून जाता जाता: तिथल्या पर्यायांपैकी ‘डुप्लिकेट’ म्हणजे वर सांगितलेलं दाखवणं. ‘एक्स्टेंड’ निवडलं तर टीव्ही हा शेजारचा दुसरा पडदा होतो आणि त्यावर वेगळंच काही उघडता येतं. त्याला मिररिंग म्हणणं चूक. ‘पडदा वाढवणं’ लिहा, पण पुढे ‘शेजारी’ हा शब्द जोडा, नाहीतर लोक झूम करत बसतात.

‘वायरलेसली’साठी ‘बिनतारी पद्धतीने’ बरोबर आहे. ‘बिनतारी’ला लिंग-वचनाचा प्रत्यय लागत नाही, तेव्हा ‘बिनताऱ्या’ वगैरे करू नका. पण सूचना घरच्यांसाठी आहेत, तर सरळ ‘वायर न जोडता’ लिहा. मिररिंग, कास्ट, मिराकास्ट हे शब्द मात्र मेनूत जसे दिसतात तसेच ठेवा. वाचणाऱ्याला बटण त्याच नावाने शोधायचं आहे.