यादीत घोडी कुठे आहे?

सप्रेम आशीर्वाद.

सारंगखेड्याची यात्रा, तापीचा काठ, नऊवारीतली तुझी मैत्रीण आणि तिच्या घरची काळीभोर मुश्की मारवाडी घोडी. या दोघींच्या पोर्ट्रेट फोटोंची तुझी कल्पना मला मनापासून आवडली. पण तू पाठवलेल्या यादीत लेन्स आहेत, दागिने आहेत, पदराचे रंग आहेत आणि घोडीबद्दल एक ओळही नाही. ती दाणा कधी खाते, एका जागी किती वेळ उभी राहते, कशाला बुजते, हे मोतद्दाराला, म्हणजे तिची देखभाल करणाऱ्याला, विचारून आधी लिहून काढ. बाकी सगळं त्याभोवती बसव.

यात्रा दत्तजयंतीची, म्हणजे बहुधा डिसेंबर. घोडेबाजाराच्या ऐन गर्दीत पोर्ट्रेट करू नकोस. ढोल, बघे आणि शेजारी खिंकाळणारे घोडे असताना तिचं लक्ष तुमच्याकडे राहणार नाही. तंबूंपासून लांब, काठावरची मोकळी जागा आदल्या दिवशी बघून ठेव. सूर्य सातच्या सुमारास उगवतो. त्यानंतरचा पहिला तास तुझा. मात्र घोडीला एकटी नेऊ नकोस. घोडा कळपात राहणारा प्राणी आहे, ओळखीचा एखादा घोडा नजरेच्या टप्प्यात बांधलेला असला की ती निवांत असते.

आता कान. मारवाडी घोड्याचे कान आत वळलेले असतात आणि पुढे रोखले की त्यांची टोकं एकमेकांना भिडतात. घोड्यातला जाणकार तुझ्या फोटोत आधी तेच बघेल, साडी नंतर. म्हणून एक माणूस तुझ्या पाठीमागे उभा कर, हातात दाण्याचा तोबरा देऊन. मैत्रीण तयार, उजेड तयार, तुझं बोट शटरवर, तेव्हाच त्याने तोबरा खुळखुळवायचा. हा आवाज दोन-चारदा चालतो, मग घोडी ढुंकूनही बघत नाही. तो चाचणीत वाया घालवू नकोस. आणि कान मागे चपटे पडले तर कॅमेरा खाली ठेव. ती वैतागली आहे. तिला थोडं फिरवून आणा, पाणी दाखवा.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं, फक्त कपाळासमोरचं अगदी जवळचं आणि थेट शेपटीमागचं दिसत नाही. तेव्हा जवळ जायचं ते खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत. वाऱ्यावर उडणारा पदर तुला सुंदर दिसतो, पण तिच्या दृष्टीने ते मागून अचानक फडफडलेलं काहीतरी असतं. आदल्या दिवशी तोच पदर तिला हुंगू दे, मानेवरून फिरव, मग हळूहळू फडकव. तरीही बिचकली तर पदर खोचून फोटो काढ. नऊवारीच्या काष्ट्यामुळे मांड नीट बसते, तेवढं सौंदर्य पुरेसं आहे. फ्लॅश नकोच.

तांत्रिक बाजू थोडक्यात. वाइड लेन्सने जवळून काढलास तर घोडीचं तोंड अवाढव्य आणि धड खेळण्यातलं दिसेल. ७०-२०० मिमीची झूम लेन्स घे आणि १३५ मिमीच्या पुढे राहा. दोघींचे डोळे कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर आण, अ‍ॅपर्चर एफ/४ ते ५.६ ठेव. उभ्या घोडीलाही शटर १/५०० हवं, कारण मान आणि कान सतत हलतात. काळा रंग कॅमेरा राखाडी करून टाकतो, म्हणून एक्स्पोजर पाऊण-एक स्टॉप कमी कर. मैत्रिणीचा चेहरा काळवंडू नये यासाठी उजेड बाजूने घे. खरारा केलेल्या अंगावर त्याच उजेडाने चकाकी येते.

चौखूर धावतानाचा फोटो या वेळी सोडून दे. मायब्रिज या छायाचित्रकाराने १८७८ मध्ये कॅमेऱ्यांची रांग लावून दाखवलं, की चारही खूर हवेत असतात ते पाय पोटाखाली गोळा झाल्यावर, चित्रकार काढत तसे ताणलेले असताना नाही. तो क्षण टिपायला पुष्कळ फेऱ्या लागतात, आणि स्वाराच्या डोक्यावर हेल्मेट लागतं. तुझ्या चित्रात ते बसत नाही.

मोतद्दाराचे पैसे आधी ठरव आणि घोडी दमली असं तो म्हणाला की वाद न घालता आवर. तारीख पक्की झाली की नवी यादी पाठव.

तुझी,
ताई